पोरांचं दुखणं

दक्षाला पाड्यातले सगळे आळशी म्हणत, आणि खरं सांगायचं तर दक्षाचंही स्वतःबद्दल तेच मत होतं.

माहेर तिचं चिखल्याचं. आई-बाप चिकूच्या वाडीत मजुरीला, घर दर्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि जमीन अशी सपाट की सायकलला ब्रेक नसला तरी काही अडू नये. तिथून ती लग्न होऊन तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला चिकटलेल्या वरच्या पाड्यात आली. भात आणि नागली पिकवायची, पावसाळा सरला की गवत कापून त्याचे भारे खालच्या रस्त्यावर आणायचे, हा तिथला उद्योग. नवी सून चढावर धापा टाकायला लागली की सासू रखमी म्हणायची, "दर्याकडची पोर ती, तिला टेपाड कुठला ठावा?" काही वर्षं ही सबब चालून गेली. दोन पोरं झाली. दुसऱ्या बाळंतपणात दक्षाचा जीव जाता जाता राहिला, तेव्हा नर्सबाईंनी अशक्तपणा आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या, धाप राहिली, आणि दर्याची सबब एव्हाना जुनी झाली होती.

बाकीच्या बायका डोक्यावर भारे घेऊन गप्पा मारत चालत. दक्षा रिकाम्या हाताने वर येतानासुद्धा दगड दिसला की बसे. कापणीला एका ओळीत लागलं तरी तिची पात मागे राही. "दक्षी येतं तवर भाकर खाऊन घेऊ," अशी चेष्टा व्हायची, आणि तीही त्यांच्याबरोबर हसायची. हसतानाही तिला दम लागे, पण ते कोणाच्या ध्यानात येत नसे. रात्री ती आडवी झोपत नसे. आडवं झालं की छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं व्हायचं, म्हणून कुडाच्या भिंतीला पाठ लावून, अंगावर गोधडी ओढून, बसल्या बसल्याच डोळा लावायची. रखमी शेजारणींना सांगे, "माझी सून बसून झोपतं, म्हणजे उठायला बरां." त्यावरही सगळ्या हसत.

नवरा चिमण उंबरगावला कारखान्यात होता, आठवड्याने घरी यायचा. तो फारसं बोलणारा नव्हे. एकदाच म्हणाला, "तुला काम नको असेल तर तसा सांग." बोलून तो विसरूनही गेला असेल. दक्षाच्या मात्र ते मनात रुतून बसलं. आपल्याला खरंच काम नको आहे का, हा प्रश्न ती चालता चालता स्वतःला विचारी, आणि दमलेल्या माणसाला याचं उत्तर 'हो' असंच येतं.

सातवी शिकलेली आणि मराठी, गुजराती, वारली तिन्ही बोलणारी, म्हणून ती आरोग्य खात्याची आशाताई झाली. कोणाला दिवस गेले, कोणाची लस राहिली, कोणाला ताप आहे ते बघायचं, आणि माणसाला दवाखान्यात न्यायचं. भारा उचलायला नको, नुसतं चालायचं, एवढ्याचसाठी तिला हे काम बरं वाटलं होतं. चालण्यालाही चढ असतो, हे नंतर कळलं.

दोन हजार चौदाच्या पावसाळ्यानंतर मुंबईच्या एका मेडिकल कॉलेजची जीप पहिल्यांदा खालच्या रस्त्यावर येऊन उभी राहिली. त्यातून डॉक्टर होऊ घातलेली चार-पाच मुलं उतरली. टोप्या, गॉगल, तोंडाला पांढरी क्रीम, पायात एवढे शुभ्र बूट की पाड्यातली कुत्रीही बिचकली. त्यांना एक प्रकल्प करायचा होता. शाळकरी मुलांच्या छातीला नळी लावायची, हृदयात वेगळा आवाज येतो का ते ऐकायचं, आणि आलाच तर मोठ्या यंत्रावर तपासायचं. बरोबर आलेल्या सरांनी उपकेंद्राच्या ओट्यावर बसून दक्षाला समजावलं. लहानपणी घसा सुजतो, त्याकडे कोणी बघत नाही. मग सांधे सुजतात, आज गुडघा तर उद्या मनगट, आणि ते आपोआप बरंही होतं. पण आत हृदयाच्या झडपा खराब होत राहतात. झडप म्हणजे दार समजा, नीट उघडत नाही किंवा नीट लागत नाही. "हे पाच ते पंधरा वयातलं दुखणं आहे, ताई," सर म्हणाले.

सर खोटं बोलले नव्हते, अर्धं बोलले होते. त्या वयात ते दुखणं शिरतं, असं त्यांना म्हणायचं होतं. दक्षाने ऐकलं ते असं की पंधरावं ओलांडलं म्हणजे माणूस सुटला. लहानपणी चिखल्याला आपले गुडघे सुजले होते आणि आजीने एरंडाची पानं बांधली होती, हे तिला तिथेच ओट्यावर आठवलं. पण आपण तर तिशी ओलांडलेली, तेव्हा वाचलो म्हणायचं, असं वाटून तिला जरा हायसंही झालं. पुढे पाड्यापाड्यांवर ती आयांना हेच सांगत गेली, की हे पोरांचं दुखणं आहे, पंधरापर्यंत सांभाळा.

या शहरी मुलांबरोबर हिंडायचं आणि त्यांचे प्रश्न आयांना वारलीत करून सांगायचे, हे तिच्यावर आलं. प्रश्न शहरात छापलेले. जिना चढताना दम लागतो का? अख्ख्या पाड्यात जिना नव्हता, तेव्हा ती विचारी, "भारा घेऊन टेपाड चढतां तवा धाप लागतं का?" झोपताना उश्या किती लागतात? इथे अंगाखाली चटई मिळाली तरी खूप, उशी कुठली? दक्षा ते "आडवा निजता येतां का?" असं करून टाकी. आया "नाय, पोर बरा हाय" म्हणत, ती मुलांकडे वळून "नाही म्हणतेय" सांगे. आणि दर वेळी, प्रश्न एका तोंडातून दुसऱ्याच्या कानात पोचवताना, मध्ये तिच्या स्वतःच्या मनात उत्तर येऊन जाई. टेपाडावर धाप लागते. आडवं निजता येत नाही. पण तिला कोणी विचारलं नव्हतं. ती दुभाषी होती, आणि दुभाष्याने मधूनच आपलं घोडं पुढे दामटायचं नसतं.

त्या वर्षी एक पोर सापडली, ठकी नावाची. अकरा वर्षांची, चवळीच्या शेंगेसारखी. तिची झडप इतकी बिघडली होती की सरांनी मुंबईला ऑपरेशन सांगितलं. ठकीचा बाप ऐकेना. छाती फोडून माणूस परत कसा शिवणार, हा त्याचा सवाल अगदीच वेडा नव्हता. दक्षा त्यांच्या ओसरीवर जाऊन जाऊन बसली, सरकारी योजनेतून सगळं बसवून घेतलं, आणि शेवटी स्वतःच ठकीबरोबर मुंबईला गेली. आई घरी तान्ह्याला घेऊन, बाप वॉर्डात शिरायला घाबरे, म्हणून ठकीजवळ दक्षाच. दवाखान्याच्या गॅलरीत भिंतीला टेकून ती रात्री काढी. बाकीच्या बायका सतरंजीवर पाय पसरून निजत आणि हिला म्हणत, "तुम्ही किती जागता हो पोरीसाठी." दक्षा खुलासा करायच्या फंदात पडली नाही.

ठकी चांगली झाली. छातीच्या मध्यावर उभा वण घेऊन परत आली, धावायला लागली, शाळेत जायला लागली. दुखणं परत उलटू नये म्हणून दर तीन आठवड्यांनी उपकेंद्रात जाऊन सुई तेवढी घ्यायची होती. पाड्यात दक्षाचं नाव झालं. म्हणजे आता तिला 'पोरीला वाचवणारी, पण आळशी' असं म्हणू लागले.

मग कॉलेजची मुलं दर वर्षी यायला लागली. चेहरे नवे, बूट नवे, प्रकल्प नवा. एका वर्षी घशाच्या दुखण्याबद्दल आयांना काय माहीत आहे, ते. कोणी ठकीच्या हृदयाचा आवाज ऐकायला म्हणून यायचं, कारण असा आवाज पुस्तकात वाचलेला असतो, कानाने ऐकायला मिळत नाही. रांगेने नळ्या लावून झाल्या की ठकीला एक बिस्किटाचा पुडा. पुढे ठकी जीप दिसली की गवतात लपायला लागली, आणि तिला शोधायचं काम अर्थातच दक्षाचं. प्रत्येक जण जाताना म्हणे, "ताई, रिपोर्ट झाला की पाठवतो हं." ती मान हलवी. रिपोर्ट कुठे जातात हे तिला माहीत नव्हतं, आणि विचारण्याइतकं त्राणही नव्हतं. वर्षं अशीच गेली. दर वर्षी मुलं तेवढ्याच वयाची असत, आणि दक्षा एका वर्षाने जास्त दमलेली.

दोन हजार अठरात जो मुलगा आला तो हसतमुख नव्हता. ऑपरेशन झालेली मुलं सुया मध्येच का सोडतात, हा त्याचा विषय होता. ठकीच्या घरी त्याने विचारलं तेव्हा ठकीची आई बिनदिक्कत म्हणाली, "पंधरा झाली ना ती. सुटली. आता सुई कशाला?" पलीकडच्या पाड्यावरही एका पोराच्या आईने तेच सांगितलं. तिसरीकडेही तेच. मुलाने शेवटी दक्षाला विचारलं, "हे पंधराचं कोणी सांगितलं यांना?"

दक्षाला वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं. "मीच सांगितलां," ती म्हणाली. मुलगा तिला घालूनपाडून बोलला नाही, पण त्याने जो श्वास सोडला तो बोलण्याहून वाईट होता. सुई पुढे कितीतरी वर्षं घ्यायची असते, पंधराचा त्याच्याशी संबंध नाही, झडप एकदा बिघडली की वय वाढलं म्हणून ती बरी होत नाही, असं त्याने सगळं पुन्हा सांगितलं. मग दक्षा त्याच पाड्यांवर पुन्हा फिरली. तिने ओसरीओसरीवर बसून सांगितलं की मी चुकीचं बोलले होते, सुया पुन्हा चालू करा. ठकीला तर तिने हाताला धरून नेलं. ते फिरणं तिला फार जड गेलं. पाय संध्याकाळी सुजायला लागले होते, आणि चढावर आता दगड दिसेपर्यंतसुद्धा दम निघत नव्हता.

त्याआधी, तो मुलगा निघाला त्या दिवशी, त्याला जीपपर्यंत पोचवायला ती उतरली तेव्हा तिने धीर करून विचारलं, "डॉक्टर, ज्यांचां लहानपणी कोणी बघितलांच नाय, अशा मोठ्या बायांना पण असता का?"

"असतं ना. पुष्कळ असतं." तो बॅगेत काहीतरी शोधत होता. "पण तो आमच्या स्टडीचा विषय नाही, ताई." मोबाइलचा चार्जर सापडला, जीप गेली. दक्षा रस्त्याकडेच्या गवताच्या गंजीला टेकून बराच वेळ उभी होती. तिला विचारायचं होतं ते ओठांवर आलेलं परत गिळून ती घरी आली. आणि एवढं सगळं कळूनही घरी रखमीने "आली का फिरून?" म्हटल्यावर तिला वाटलं ते हेच, की दुखणं आपलं नव्हे. अंगातला आळस झाकायला आपण पोरांचं दुखणं पांघरू बघतोय. माणसाला एकच गोष्ट इतकी वर्षं ऐकवली की तो तिची बाजू घेऊन स्वतःशीच भांडायला लागतो.

पुढच्या वर्षी शर्वरी आली. शेवटच्या वर्षाला असलेली, सोलापूरकडची मुलगी, बोलणं मोठ्याने आणि भराभर. तिच्याबरोबर दोन धाकटे विद्यार्थी होते आणि हातात मावेल एवढं सोनोग्राफीचं छोटं यंत्र. हृदय आतून हलताना टॅबच्या काचेवर दिसायचं. थोडं शिकवलं तर विद्यार्थ्यांनाही या यंत्रावर बिघडलेली झडप ओळखता येते का, असा या खेपेचा प्रकल्प होता. अंगणवाडीच्या खोलीत टेबलावर चादर घालून मुलं एकेक करून झोपवली. दक्षा मुलांना आणायची, रडणाऱ्यांना दटावायची आणि मधे मधे दाराच्या चौकटीला धरून उभी राहायची.

दुपारनंतर मुलं संपली. धाकट्या दोघांना काचेवरचं चित्र अजून नीट लागत नव्हतं, कारण शेवटचं पोर सारखं वळवळत होतं. शर्वरी इकडेतिकडे बघून म्हणाली, "ताई, तुम्ही पडा ना पाच मिनिटं. नॉर्मल हार्ट कसं दिसतं ते यांना एकदा शांतपणे दाखवते."

दक्षाने आधी नको म्हटलं. मग टेबलाकडे बघितलं आणि तिला वाटलं, दिवसाढवळ्या, कोणीतरी सांगितलं म्हणून, पडायला मिळतंय. ती डाव्या कुशीवर झाली. लगेच छातीवर पाटा आला, म्हणून तिने डोक्याखाली पिशवी घेतली, वर आपला हात घेतला. छातीवर गार चिकट काहीतरी लावलं. शर्वरी धाकट्यांना सांगायला लागली, "हा बघा डावा कप्पा, ही वरची बाजू, आणि ही इथे जी झडप आहे ना, ती कशी मोकळी..."

आणि तिचं बोलणं थांबलं.

यंत्र थोडं सरकलं. पुन्हा सरकलं. एक धाकटा काहीतरी इंग्रजीत पुटपुटला, शर्वरीने त्याला हाताने गप्प केलं. दक्षाने डोळे उघडले नाहीत. ही शांतता तिच्या ओळखीची होती. ठकीच्या वेळी याच खोलीत अशीच झाली होती, आणि तेव्हा भिंतीशी उभ्या असलेल्या ठकीच्या आईचा हात दक्षाने धरून ठेवला होता.

शर्वरीने यंत्र बाजूला ठेवलं, स्टूल ओढलं आणि समोर बसली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "ताई, चढताना दम लागतो का?"

दक्षा उठून बसली आणि इतक्या वर्षांच्या सवयीने प्रश्न वारलीत करायला पलीकडे वळली. पलीकडे भिंत होती. भिंतीवर फळांची चित्रं होती. ती परत वळली आणि म्हणाली, "लागतो."

"कधीपासून?"

"तुमच्यातलां कोणी इकडे यायच्या आधीपासून."

"रात्री झोपताना उश्या किती लागतात?"

"उशी नाय. कूड लागतो."

शर्वरीला कळलं नाही. मग दक्षाने पाठ ताठ करून, मान मागे टेकवून दाखवलं. धाकट्या दोघांतला एक खाली बघायला लागला. तो सकाळी तिच्यामागून चढ चढून आला होता, आणि 'ताई, जरा पटापट' म्हणाला होता.

शर्वरीने मग सगळं सांगितलं. झडप फार अरुंद झाली आहे, लहानपणापासूनचं दुखणं असणार. शनिवारी सर येतील, ते मोठ्या यंत्रावर बघतील. बहुतेक मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन झडप उघडता येते, नाही जमलं तर ऑपरेशन. आता चढउतार बंद, भारे बंद, जास्त उशीर करून चालणार नाही. ती भराभर बोलत होती, आणि बोलता बोलता तिचे डोळे भरून आले होते. दक्षा ऐकत होती की नाही कळत नव्हतं. ऑपरेशन या शब्दाला ती भ्यायली नाही. मुंबईची ती गॅलरी तिने पाहिली होती. तिच्या मनात वेगळंच काहीतरी वर येत होतं, इतके दिवस दाबून ठेवलेलं, आणि ते आता आवरेना.

"मॅडम," तिने मध्येच अडवलं, "म्हणजे मी आळशी नाय ना?"

शर्वरीने जोरजोरात नाही म्हणून मान हलवली.

"माझ्या सासूला येऊन सांगाल? आणि नवऱ्याला? मी सांगितलां तर त्यांना वाटेल, ही आता नवीन काहीतरी घेऊन आली."

"सांगते. आजच येते."

"नाय हो मी आळशी," दक्षा पुन्हा म्हणाली, या वेळी कोणालाच नाही, आणि रडायला लागली. हुंदक्यांना दम पुरेना, म्हणून तिने रडणंही थांबत थांबत, बेताबेताने केलं. मग टेबलावरून उतरून ती फळांच्या चित्रांखाली भिंतीला पाठ लावून बसली, पाय लांब केले, पदराने छातीवरचं चिकट पुसलं आणि डोळे मिटले.

बाहेरून कोणीतरी हाक मारली, "दक्षाताई, ओ दक्षाताई, इकडे बघा जरा, पोराला ताप हाय."

तिचा हात सवयीने जमिनीवर टेकला. मग तो तिने परत मांडीवर ठेवला. शर्वरीच उठून बाहेर गेली.